लाल दिव्यापलीकडचा माणूस

रविवार, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही चौघे ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींना चोळून द्यायला सांगत जा, त्यांना तेवढाच व्यायाम. ढब्बू आता मऊ केलेलं सगळं गिळतो. काल वाटी चाटूनपुसून संपवली आणि डोक्यावर उपडी घालून घरभर फिरला, त्यावरून काय ते समज.

पत्र बघून दचकू नकोस. दर दोन दिवसांनी आपण फोनवर बोलतो, मग हे कागद कशाला, असं तुझ्या मनात येईल. कारण आहे. तेच लिहायला बसलो आहे, पण पेन सारखं गुडघ्याकडे आणि वाटीकडे वळतं आहे.

तर ती नोव्हेंबरातली सकाळ. पाचला उठलो. अंघोळ केली, देवापुढे बसलो. हिची बस सहाला डेपोतून निघते, म्हणून हिचा डबा भरून दिला. (तू हसायचीस ना, लोकांच्या घरात ड्रायव्हरची बायको असते, आमच्या घरात ड्रायव्हरचा नवरा आहे.) आमच्या थोरल्या लेकीला, मास्तरणीला, शाळेची सुटी होती. दोघांना दूध दिलं. ढब्बूच्या एका पायात मोजा घातला, दुसरा सापडेना, म्हणून तसाच सोडला. आठ वाजता माझ्या खोलीचं दार लावून घेतलं, कानाला फोनचं यंत्र लावलं आणि दाराबाहेरचा लाल दिवा पेटवला.

पुढचं तुला माहीत आहे. म्हणजे मी जे सांगितलं, ते तुला माहीत आहे.

त्यानंतर तू आमच्याकडे बारा दिवस राहिलीस, पण तेव्हा मी रजेवर होतो, त्यामुळे माझं काम तू पाहिलंच नाहीस. आजारी माणसांना घरी श्वास घ्यायला जी यंत्रं लावतात, ती बनवणाऱ्या कंपनीचे तक्रारींचे फोन मी घेतो. यंत्र बंद पडलं, नळी निसटली, शिट्टी वाजायला लागली, की फोन येतो. पलीकडचा माणूस घाबरलेला असतो. त्याला शांत करायचं आणि एकेक बटण दाबून घ्यायचं. माझा आवाज त्या कामाला बरा आहे असं सगळे म्हणतात.

मागे घरातली आरडाओरड फोनमध्ये जायची आणि कंपनी माझे गुण कापायची. म्हणून मीच तो दिवा बसवला. बटण माझ्या टेबलावर, दिवा दाराबाहेर. मुलांना समोर बसवून सांगितलं, "हा लाल दिवा लागला की समजायचं, पलीकडे कुणाचा तरी श्वास अडकलाय. तेव्हा बोलायचं नाही, दार वाजवायचं नाही. फारच काही असेल तर चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवायची." ढब्बूला लिहिता येत नाही, म्हणून तो दाराखालून एकदा चमचा सरकवत होता. मास्तरणीने मात्र नियम असा उचलला की मलाच लाज वाटावी. एकदा, पहिल्या आठवड्यात, तिने दार वाजवलं होतं. तेव्हा मी बाहेर येऊन तिला इतकं बोललो की ती उभ्या जागी थरथरली. पुन्हा कधी वाजवलं नाही.

त्या दिवशी खेळण्यातल्या गाडीची बटणासारखी चपटी बॅटरी ढब्बूने गिळली. तिने पाहिलं. दिवा लाल होता. तिने चिठ्ठी लिहिली, सरकवली आणि दाराबाहेर त्याला मांडीवर घेऊन बसली. चाळीस मिनिटं बसली. त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली तेव्हा तिने दार वाजवलं, तेही दोन बोटांनी.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "गिळून किती वेळ झाला?" मी म्हणालो, "पाऊण तास झाला असेल. मी फोनवर होतो. पोरीने सांगितलंच नाही."

ताई, हे वाक्य माझं आहे. लोकांना वाटतं की पोरीला दोष तू दिलास. तू तर संध्याकाळी पोचलीस, आणि मी जे सांगितलं त्यावरच बोललीस. "घोड्याएवढी झालीस, दार वाजवायला हात झडले होते का तुझे? भाऊ मरतोय आणि ही बाई दिव्याकडे बघत बसली." हे तू सगळ्यांसमोर बोललीस, त्या लांबलचक बाकाजवळ. मी शेजारी उभा होतो. हातात ढब्बूचा एक मोजा होता. मी काही बोललो नाही.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या की त्या बॅटरीने अन्ननलिका आतून भाजत जाते, प्रत्येक मिनिटाला जखम खोल जाते, अर्धा तास आधी आणलं असतं तर जखम एवढी झाली नसती. पुढे पाच आठवडे नाकातून नळी. साडेचार वर्षांचं पोर. तू त्याला धरून बसायचीस आणि मी औषध सोडायचो. तुझे ते कष्ट मी विसरणार नाही.

आता खरं लिहितो.

त्या सकाळी साडेदहाला कंपनीचा निरोप आला, की त्यांची यंत्रणा बंद पडली आहे, साधारण तासभर एकही फोन येणार नाही, दुसऱ्या केंद्रावर वळवले आहेत. मला एक तास फुकट मिळाला होता. मी दार उघडून बाहेर यायला हवं होतं. मी दिवा तसाच ठेवला.

पहिल्यांदा नव्हे. पहिल्यांदा तो चुकून राहिला होता, उन्हाळ्यात. फोन संपला, दिवा बंद करायचा राहिला आणि घर शांत राहिलं. ती शांतता मला गोड लागली. मग हळूहळू सवय झाली, आधी पाच मिनिटं, मग पंधरा. आपल्या गावच्या शाळेत चार वर्ग एका खोलीत बसायचे, एक वर्ग कविता म्हणायचा आणि त्याच गोंगाटात मी पाढे पाठ केले. तोच मी, मला माझ्या दोन लेकरांचा आवाज सोसवेना. मी स्वतःला सांगायचो की एवढा वेळ मी देवाचं नाव घेतो. कधीकधी घ्यायचोही. त्या दिवशी तेसुद्धा नाही. मी चहा पीत होतो आणि समोरच्या इमारतीला दोरीवर बसून रंग देणाऱ्या माणसाकडे बघत होतो. तो एका खिडकीच्या कडेला फार बारकाईने ब्रश फिरवत होता.

अजून एक आहे. ते मी हिलासुद्धा एकदम सांगू शकलो नाही.

चिठ्ठी आत आलेली मला दिसली होती. आधी कोपरा दिसला, मग ती थोडी आत सरकली. बाहेरून तिने पुन्हा ढकलली, तशी पूर्ण आत आली. मला वाटलं, नेहमीचंच असेल, ढब्बूने पेन्सिल घेतली, ढब्बूने केस ओढले. मनात म्हणालो, पाच मिनिटांनी बघू. खुर्चीपासून चिठ्ठी चार पावलांवर होती. चहा संपला, तरी उठलो नाही. दारावर दोन बोटं वाजली तेव्हा मी रागाने उठलो आणि जाता जाता ती उचलली. तिच्या चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "ढब्बूने बॅटरी गिळली. तुमचं बोलणं झालं की लगेच या."

तू फोनवर शेजारणींना सांगतेस, माझा भाऊ नोकरी करून पोरं सांभाळतो, असा बाप दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही. तू हे म्हणालीस की मी विषय बदलतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

मी हे कुणाला सांगितलंही नसतं. घर मार्गी लागत होतं. मास्तरीण मात्र बदलली. ती खाली खेळायला जाईना. शाळेतून आली की गुडघ्यांवर बसून जमिनीवरून हात फिरवते, काही बारीक पडलंय का बघते. ढब्बूच्या प्रत्येक घासाला त्याच्या गळ्याकडे बघते. नऊ वर्षांची आहे ती. ही म्हणायची, "थोडे दिवस जाऊ द्या, विसरेल." मी मान डोलवायचो.

जानेवारीत एकदा भांडी पुसता पुसता तिने मला विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही ज्या काकांशी बोलत होतात, त्यांचं मशीन सुरू झालं का?"

मी म्हणालो, "झालं."

"मग ते वाचले?"

"हो, वाचले."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि वाटी जागेवर ठेवली.

तुला माहीत आहे, संध्याकाळी आम्ही हात जोडून बसतो आणि प्रत्येकजण एकेक गोष्ट मोठ्याने मागतो. ढब्बू रोज हत्ती मागतो. त्या संध्याकाळी मास्तरीण म्हणाली, "देवा, ढब्बूचा घसा लवकर बरा कर, आणि त्या फोनवरच्या काकांना पुन्हा त्रास होऊ देऊ नको." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही, असे नऊ दिवस. मी शेजारी डोळे मिटून बसलेलो. जो माणूस जगात कुठे नाही, त्याच्यासाठी माझी पोर देवाकडे मागत होती, कारण तो वाचला असेल तरच तिच्या त्या चाळीस मिनिटांना काही अर्थ होता. आणि तो माणूस मी बनवला होता. मी एवढी वर्षं देवापुढे बसतो, पण त्या नऊ दिवसांत मला तिथे बसवत नव्हतं. दहाव्या दिवशी पोट दुखतंय म्हणून उठून गेलो.

मग आधी हिला सांगितलं. डबा विसरली होती, तो घेऊन डेपोत गेलो. रिकाम्या बसमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून जेवली, मी मागच्या बाकावरून सांगितलं. दिवा सांगितला, फोन नव्हता ते सांगितलं. चिठ्ठीचं सांगताना थांबलो, तर तीच म्हणाली, "आणि चिठ्ठी?" मी म्हणालो, "दिसली होती." तिने डब्याचं झाकण लावलं.

"मागून कुणी घंटी वाजवली की मी बस थांबवते," ती म्हणाली. "वाजवणारा शहाणा होता की वेडा, ते नंतर बघते. इतकंच येतं मला."

मी म्हणालो, "चुकलो."

"मला काय सांगताय? आळ माझ्यावर आलाय का? जिच्यावर आलाय तिला सांगा. आणि रडू नका तिच्यापुढे, नाहीतर पोर तुमचीच समजूत काढत बसेल."

मागच्या रविवारी सकाळी मी मास्तरणीला समोर बसवलं. ही ढब्बूला घेऊन खाली गेली. मी सांगितलं, "त्या दिवशी फोनवर कुणी नव्हतं. एकही काका नव्हते. मी दिवा उगाच लावून ठेवला होता. तू चिठ्ठी सरकवलीस ती मला दिसली होती, मी उचलली नाही. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. तू सगळं बरोबर केलंस. चूक माझी."

ती टेबलावरची एक जुनी चरी नखाने कोरत होती. मग म्हणाली, "मग मी कुणासाठी थांबले होते?"

ताई, माणसाला इतके प्रश्न विचारले जातात. मी दिवसाला साठ माणसांना उत्तरं देतो.

मी म्हणालो, "माझ्यासाठी. मी चहा पीत होतो."

ती उठली, पाणी प्यायली, पेला धुतला आणि खोलीत गेली. चार दिवस माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच. त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसली, पण मोठ्याने काही मागितलं नाही. मीही नाही. ढब्बूने मात्र आमच्या तिघांच्या वाटणीचे हत्ती मागितले.

सोमवारी मी टेबल बाहेरच्या खोलीत आणलं. आता फोनमध्ये घराचा आवाज जातो. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे लहान बाळ आहे का हो?" मी हो म्हणालो, तर त्यांना बरंच वाटलं. कंपनीला मात्र नाही वाटलं. एक ताकीद आली आहे. ठेवतील तोवर ठेवतील. हिने म्हटलं आहे की वेळ आली तर ती रविवारचीही बस घेईल.

गुरुवारी संध्याकाळी मास्तरीण माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "आत्याला सांगितलं?"

"आज फोन करतो."

"फोनवर नको. फोनवर तुम्ही गोड बोलता. लिहा. आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखवा."

म्हणून हे पत्र. तू तिला दवाखान्यात जे बोललीस, त्याला मी जबाबदार आहे, तू नाहीस. पण ते शब्द तिच्या कानात तुझ्याच आवाजात आहेत, ते मला काढता येणार नाहीत. पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा आधी तिला मागून घे. मला नंतर. मला काय बोलायचं असेल ते बोल, दाजींनाही सांग, शेजारणींनाही. तिथे माझं कौतुक ज्यांच्यापुढे झालं, त्यांना हेही कळू दे.

आज सकाळी तिला हे सगळं वाचून दाखवलं. ती खिडकीत बसून ऐकत होती. मध्ये एकदाच थांबवलं. तिसऱ्या पानावर एक ओळ खोडलेली दिसेल, तिथे. मी लिहिलं होतं की मी तेव्हा फार थकलेला असायचो. ती म्हणाली, "हे काढा. तुम्ही थकला होतात, मला माहीत आहे. पण आत्या तेवढंच वाचेल."

मी काढलं. तिने पुन्हा ती जागा बघितली, नीट खोडलंय ना याची खात्री केली, आणि म्हणाली, "आता पाठवा." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. आता हे टाकायला दोघं टपालपेटीपर्यंत चालत जाणार आहोत.

तुझा धाकटा भाऊ,
जो त्या दिवशी फोनवर नव्हता