बारा पिस्तुलं आणि एक घमेलं

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे अक्षरशः, काल रात्रीपासून मी आडवाच आहे.) तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही आता उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. माझं विचाराल तर मी अजून हादरलेलोच आहे, आणि त्याचं मूळ तुमच्यापाशी निघालं म्हणून हे पत्र.

तुमच्या पोलिस शस्त्रागारातली बारा जुनी पिस्तुलं आमच्या संग्रहालयात आली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तुम्ही आणि ती एकाच वर्षी निवृत्त झालात, त्यांना काचेचं कपाट मिळालं, तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ.) त्यांच्या नोंदी करायचं काम माझ्याकडे आलं. मॉडेल एकच, पण कारखाना ते चाळीस वर्षं काढत होता आणि मधूनमधून काहीतरी बदलत राहिला. आधीच्या पिस्तुलांचा मागचा घोडा वाटोळा, नंतरच्यांचा टोकदार. आधी मुठीला लाकूड, मग प्लॅस्टिक. वरच्या सरकत्या भागावर बोटांच्या पकडीसाठी खाचा असतात, त्या आधी रुंद आणि मोजक्या, मग बारीक आणि दाट. एवढं पाठ केलं की पिस्तूल कोणत्या काळातलं ते नुसतं बघून कळतं. मी पाठ केलं. सातव्या पिस्तुलापाशी मात्र थबकलो. घोडा वाटोळा, मूठ लाकडी, आणि खाचा बारीक! असं पिस्तूल कुठल्याच पुस्तकात नाही.

मला वाटलं, कारखान्याने मधल्या काही महिन्यांत काढलेला, जगाला माहीत नसलेला प्रकार माझ्या हाती लागला. मी अठरा पानी निबंध लिहिला. संचालक (जे मला कायम करायच्या कागदावर सात महिने बसून आहेत) पहिल्यांदाच मला ‘बसा’ म्हणाले. त्यांनी माझं व्याख्यान ठरवलं आणि खात्रीसाठी जुन्या शस्त्रांच्या एका जाणकार बाईंना बोलावलं. बाई सत्तरीच्या, पर्समध्ये भिंग आणि खोकल्याच्या गोळ्या. त्यांनी अर्ध्या मिनिटात पिस्तूल खोललं. सांगाड्यावर एक नंबर, सरकत्या भागावर दुसरा, नळीवर तिसरा. कारखान्यातून निघताना तिन्हींवर एकच नंबर असतो, हे मी वाचलं होतं. खोलून बघितलं नव्हतं. (खोलता येत नव्हतं, हे फक्त तुम्हाला सांगतो.) मग त्यांनी उरलेली अकरा खोलली. एकाचेही नंबर जुळेनात. मी खाली फरशीवर बसलो. गोळी चघळत बाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘यांची साफसफाई कोण करायचं हो?’’

आणि मला तुमचं घमेलं आठवलं. घरातल्या प्रत्येक लग्नात तुम्ही सांगता तो किस्सा! बाकीचे मिस्त्री एकेक पिस्तूल धुण्यात दिवस घालवायचे आणि तुम्ही बाराच्या बारा खोलून रॉकेलच्या एकाच घमेल्यात टाकायचात, जेवणाच्या सुट्टीआधी जोडून मोकळे. आम्ही हसायचो, टाळ्या द्यायचो. मामा, कारखान्याने चाळीस वर्षांत केलं ते सगळं तुम्ही दर शनिवारी ढवळत होतात. बाईंना मी काही सांगितलं नाही. रक्ताचं नातं आहे. पण इतका बेजबाबदारपणा माणसाच्या हातून होतोच कसा, या विचाराने मला दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
नाइलाजाने का होईना, लाडका भाचा

ता. क. संचालकांना अजून यातलं काही माहीत नाही. बाई भल्या आहेत. गुरुवारपर्यंत नंबर जुळवून ज्याचा भाग त्याला बसवला, तर तेच खरं संशोधन असा अहवाल त्या देणार आहेत. म्हणजे माझी नोकरी वाचेल.

आणखी एक ता. क. त्यासाठी काल मी बाराही पिस्तुलं खोलली. खोलणं बाईंचं बघून आलं. त्या जोडत होत्या तेव्हा मी फरशीवर होतो. भागांवर धूळ फार होती, म्हणून सगळे एकदमच धुवायला टाकले. बारीक स्प्रिंगा आणि खिळ्यांवर नंबर नसतात, हे त्यानंतर कळलं. पत्र मिळताच पहिल्या गाडीने निघा. घमेलं आणू नका, इथलं भरलेलं आहे.