जेवणाची सोय

गोडादरा, सुरत
दि. १६ मार्च १९९७

ती. स्व. सौ. आक्का हिस,
धाकट्या पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. इकडे सगळे ठीक आहोत. दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, ते लाल तेल चोळत बसू नका, पारोळ्याला जाऊन डॉक्टरला दाखवा. म्हैस व्यायली का? इथे मार्चमध्येच पत्रा असा तापतो की दुपारी खोलीत बसवत नाही. गायत्रीची सातवीची परीक्षा जवळ आली आहे. गणितात हुशार आहे पोरगी, भूगोलाचं मात्र नाव काढलं की जांभया देते.

तू लिहिलंस की गावात पेढे वाटलेस, बहीण विमानात बसणार म्हणून. वाचून आधी हसू आलं, मग कसंतरीच झालं. पत्रातलं बाकी सगळं वाचलं. शेवटची एक ओळ आहे, तिचं नंतर बघू.

आधी तुला नीट सांगते, कारण यांनी तुला जे सांगितलं ते अर्धंच असणार. हे ज्या शेठकडे साच्यांचे मास्तर आहेत, त्या शेठनं आफ्रिकेत युगांडा म्हणून देश आहे तिथे कापडाचा कारखाना घेतला. इथले कापड विणायचे जुने साचे तिकडे नेऊन बसवायचे आहेत. त्यासाठी सहा माणसं हवीत, हे आणि यांच्या हाताखालचे पाच. पाचही जण माझ्या खानावळीत जेवणारे. दगा, उखा, आनंदा आणि ते शिरपूरकडचे दोघे भाऊ. शेठशी बोलणी करायला सगळ्यांनी यांनाच पुढे घातलं, कारण यांचं गुजराती चांगलं.

रोज संध्याकाळी पंगत बसली की हे त्या दिवशी काय काय पदरात पाडून घेतलं ते सांगायचे. जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट शेठ देणार. दवापाणी शेठचं. राहण्याची सोय शेठची. जेवणाची सोय झाली. मी तव्यापाशी बसून ऐकायची आणि मनात फुलायची गं. ज्या माणसाला भाजीवालीशी धड घासाघीस करता येत नाही, तो शेठसमोर बसून एकेक गोष्ट मागून घेतो, याचं कौतुक वाटायचं. आणि पाचही जण जेवता जेवता म्हणायचे, "वहिनी, तुमना हातले चव शे! तिकडे हे जेवन कुठे भेटी?" मी आणखी एक पोळी वाढायची. हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते मला, आणि मी बावळट चढत होते.

मग एक दिवस हे घारीच्या मिठाईचा पुडा घेऊन आले. म्हणाले, "तुझंबी तिकीट काढून घेतलं. पाच जणांच्या बायका इथेच राहणार, एकटी तू येणार." मी म्हटलं, आणि गायत्री? म्हणाले, "होईल तिचंबी." मी काय करावं? चौटा बाजारात जाऊन पोरीला स्वेटर घेऊन आले. तिकडे थंडी असते की ऊन, देवाला माहीत. शेजारच्या अंजनाबाईला दाखवला, तिच्या सुनेला दाखवला. सगळ्या गल्लीला सांगून झालं. माझ्या मूर्खपणाची हद्द झाली, आक्का.

गेल्या सोमवारी पासपोर्टचे फोटो द्यायला मला शेठच्या रिंग रोडवरच्या ऑफिसात नेलं. तिथे कांतीभाई म्हणून मॅनेजर आहेत, पान खाऊन दात काळे झालेले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि यांना विचारलं, "तो आ बेन छ जणनी रसोई करशे?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, कोणाची रसोई? तर तो हसत म्हणाला, बेन, जेवणाची सोय तर तुमच्या मास्तरांनीच लावली. शेठ म्हणत होते स्वयंपाकाला एखादा महाराज ठेवू. मास्तर म्हणाले महाराज कशाला, माझी बायको आहे, तिचं एक तिकीट द्या, सहाही जणांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची काळजी मिटली.

आक्का, "जेवणाची सोय झाली, जेवणाची सोय झाली" असं रोज ऐकत होते ना मी, ती सोय म्हणजे मीच! तव्यापाशी बसून स्वतःच्याच विक्रीवर खूश होत होते. मी कांतीभाईंना म्हटलं, मग माझा पगार किती? त्याला केवढं हसू आलं! म्हणाला, "घरना माणसने पगार शानो?" घरच्या माणसाला कसला पगार! आणि वर यांच्याकडे वळून म्हणाला, छोकरीला इथेच ठेवायचं ठरलं आहे ना? शेठ मुलांचा खर्च देत नाहीत. हे खाली बघून "हो" म्हणाले. माझ्यासमोर. मी तिथे बसलेली असताना.

मी फोटोचं पाकीट पर्समध्ये परत ठेवलं आणि उठले. रिक्षानं घरी आल्यावर हे म्हणतात, "आते कसाले तोंड फुगाडस? तुले सोबत लई जास, तरी रडस?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं गं. त्यांच्या हिशेबी त्यांनी मोठा पराक्रम केला होता. बायकोला परदेशात नेणारा गल्लीतला पहिला माणूस! मग गायत्रीबद्दल त्यांनी जे सांगितलं, ते आत्ता लिहवत नाही. पुढे लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लसणाची फोडणी दिली आणि तशीच उठून मोरीत ओकले. अंजनाबाई दारातून डोळे मिचकावत म्हणते, "काय गं, गोड बातमी का?" डोंबलाची गोड बातमी! मला माझ्याच स्वयंपाकाची शिसारी आली होती. त्या दिवशी पंगत बसली तर मला त्यांचे हात दिसत होते, वरणात बुडवलेले. बोटं चाटल्याचा आवाज, ढेकर, आणि पुन्हा ते "वहिनी, काय चव शे!" शी! बाजारात बैलाचे दात बघतात ना, तसं वाटलं. मी पळी खाली ठेवली आणि विचारलं, मला तिकडे न्यायचं हे तुम्हांला ठाऊक होतं का?

सगळ्यांनी ताटात बघितलं. आनंदा तेवढा बोलला, "वहिनी, आम्हीच मास्तरले सांगं. तुम्ही सोबत असाल तर आम्हांला घरच्यासारखं वाटी." अगदी मायेनं बोलला गं पोरगा. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्याच मायेची मला जास्त किळस आली. यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही, की निदान एकदा हिला विचारावं? गायत्रीला घरच्यासारखं कुठे वाटणार, हे एकाच्याही मनात आलं नाही. पाचही जणांना मी सांगून टाकलं, उद्यापासून दुसरीकडे जेवा.

बुधवारी मी परत ऑफिसात गेले. यांना न सांगता. गायत्रीला बरोबर घेतलं, कारण तिचं गुजराती माझ्यापेक्षा साफ आहे आणि मला तिच्यापासून काही लपवायचं नव्हतं. मी कांतीभाईंना म्हटलं, सहा जणांचं रांधायला मी येते. पण मला माझा पगार, माझ्या हातात. पोरीचं तिकीट आणि तिकडच्या शाळेचा खर्च. नाहीतर तुमची जेवणाची सोय मोडली. गायत्रीनं प्रत्येक वाक्य त्यांना गुजरातीत सांगितलं. "मोडली" म्हणताना तिचा आवाज जरा कापला, पण म्हणाली. कांतीभाईंनी शेठला फोन लावला, दोन मिनिटं "हा जी, हा जी" केलं आणि फोन ठेवून म्हणाले, शेठ ना पाडे छे, म्हणजे नाही म्हणतात. मी म्हटलं बरं. उठलो आम्ही दोघी, खाली येऊन उसाचा रस प्यालो.

आता ऐक गंमत. शेठनं चार दिवसांच्या आत राजस्थानचा एक महाराज ठरवला. त्याला पगार. त्याला वेगळी खोली. आणि भांडी घासायला वेगळा माणूस मिळणार, कारण महाराज भांडी घासत नाही! म्हणजे मी गेले असते तर रांधायचं, वाढायचं, आणि मागची भांडीही मीच घासायची होती, फुकट. हे ऐकलं तेव्हा मी इतकी हसले की यांना वाटलं हिचं डोकं फिरलं. हे म्हणतात, "तुझं तिकीट त्या महाराजानं नेलं. हट्टापायी घालवलंस." दोन तारखेला हे जाणार आहेत. माझ्याशी बोलत नाहीत. मी ताट वाढते, हे जेवतात. भांडायची माझी तयारी आहे, पण समोरचा माणूस अजूनही हेच धरून बसला आहे की त्यानं माझं भलं केलं.

आता ती राहिलेली गोष्ट. किती पानं टाळली, बघ.

त्या सोमवारी हे म्हणाले, "गायत्रीची चिंता कसाले? आक्कांना विचारलंय मी. त्या हो म्हणाल्या. त्यांची कंबर धरते, पोरगी हाताखाली येईल." मला खरं वाटलं नाही. म्हटलं, आक्का मला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही. मग तुझं पत्र आलं. पेढ्यांचं सगळं लिहून झाल्यावर खाली तुझी ओळ, "गायत्रीची काळजी करू नको, तिची इथे छान सोय होईल." तोच शब्द, आक्का. यांचा, कांतीभाईंचा आणि तुझा.

मी सोय जेवणाची, माझी पोर सोय तुझ्या कंबरेची. यांच्यावर रागावले, शेठवर थुंकावंसं वाटलं, पण तुझी ओळ वाचून मी मोरीच्या कडेला नुसती बसून राहिले.

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी आम्ही इथून पळून तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? रात्रभर एसटीत उभे राहून. तू आम्हांला ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाहीस. आठ दिवस गोठ्यात झोपलो. ताट उंबऱ्यावर ठेवायचीस आणि चार पावलं मागे सरकायचीस, पाणी वरून ओतायचीस. गायत्री विचारायची, मावशी आत का घेत नाही? मी तिला म्हणायची, मावशीलाही भीती वाटते गं. खरंच त्याबद्दल मी आजवर मनात काही धरलं नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा. पण ज्या घराचा उंबरा माझ्या पोरीला ओलांडू दिला नाही, त्या घरात आता ती झाडलोट करायला चालते, याचा मला फार राग आला आहे. एवढं मला लिहायचं होतं. लिहिलं.

गायत्री कुठेही जाणार नाही. ती माझ्याजवळ राहील, इथल्या म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत आठवीला बसेल. माझी खानावळ चालूच आहे. पाच गेले, नवे तिघे आले. त्यांच्यातला एक रोज म्हणतो, भाजी तिखट झाली. ऐकून बरं वाटतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की आम्ही दोघी तुझ्याकडे येऊ. चार दिवस राहू. पाहुण्या म्हणून येऊ. मी चुलीपाशी येणार नाही आणि गायत्री झाडूला हात लावणार नाही. तू रांधायचं, तू वाढायचं, आम्ही जेवायचं. कंबर दुखत असेल तर दाजींना हाताशी घे. तुला हे जमणार नसेल तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही, फक्त पुन्हा येणार नाही.

आणि येऊ दिलंस तर आक्का, आमची ताटं आत मांड.

तुझी,
पुष्पा