मोठ्याच्या अंगाचं जाकीट

५ ऑक्टोबर, लाखनी
धाकटी जाऊ वर्षा सकाळीच मोबाइल नाचवत आली. नितीन भावजींचा फोटो. अंगात नवीन जाकीट, गोळी अडवणारं, काळं, शर्टासारखं चापून बसलेलं. "ताई, पाहा ना, किती हलकं! अंगात आहे का नाई ते समजतच नाई म्हणे यायले."
पाहिलं. छान आहे म्हटलं. तिच्यासाठी चहा टाकला आणि साखर घालायची विसरले. विसरले की काय, देव जाणे.
दोघे भाऊ पोलिसात, गडचिरोलीकडच्या जंगलात एकाच तुकडीत. नवीन जाकिटं मोजकीच आली, म्हणून साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या. भावजींची निघाली, ह्यांची नाही. ह्यांच्या अंगात तेच जुनं, पुढे-मागे लोखंडी पाटी घातलेलं.

६ ऑक्टो.
दिवाळीचे ब्लाउज डोक्यापर्यंत साचलेत. मशीन चालू, डोकं मात्र जाकिटात.
एवढी वर्षं शिवते, कापड हाताला कळतं. भारी कापड हलकंच असतं. आंधळगावचा रेशमी कोसा हातात घ्या, नसल्यासारखा. जाडंभरडं ते हलक्या प्रतीचं. म्हणजे चांगलं ते तिच्या नवऱ्याला आणि माझ्या नवऱ्याला गोणपाट. नशीबसुद्धा धाकट्यांचेच लाड करतं.

९ ऑक्टो.
ह्यांचा फोन. पाठ धरली आहे.
"ते जाकीट अंगात असते ना पूर्ण वेळ?"
"असते. बसलो का काढतो. उन्हात जीव जाते त्याच्यात."
"काढून ठेवता कुठी?"
"झाडाले अटकवतो. आता झाडाले कोण गोळी मारते?" आणि हसले.
मला हसू आलं नाही. फोन आदळला. नंतर वाईट वाटलं.

१३ ऑक्टो.
व.ने आता गल्लीभर सांगितलंय. पिठाच्या चक्कीवर बाया मलाच विचारतात, तुमच्या मालकाले नाई भेटलं का? अंगाचा तिळपापड झाला.
रात्रभर ती शांत झोपते. भिंत एकच आहे, तिचं घोरणं ऐकू येतं. मी कूस बदलत राहते.
जळते मी. तिच्या साडीवर नाही, सोन्यावर नाही, तिच्या झोपेवर.

२४ ऑक्टो.
मंडई झाली. दिवाळी सरली की गावोगाव ही जत्रा भरते, पाहुणे येतात. रात्रीच्या नाटकाला सगळी गेली, मी सासूबाईंजवळ थांबले. त्यांचे पाय चेपले. मग विषय काढला. काढला म्हणजे काय, रडलेच थोडी. खरं रडू होतं, पण वेळ मी निवडली होती.
या घरची रीत. नवीन कपडा आधी थोरल्याच्या अंगाला लागतो. भावजींनी लहानपणी सगळे सदरे दादाच्या अंगावरचेच घातले, सासूबाई कौतुकाने सांगतात.
"माय," मी म्हटलं, "ही रीत वर्दीले लागू नाई का?"
त्या उठून बसल्या.

२५ ऑक्टो.
सासूबाईंनी सकाळीच भावजींना फोन लावला, स्पीकरवर. "नित्या, दादाची पाठ दुखून राहिली. ते नवीन जाकीट त्याले दे. मोठ्याच्या अंगाले पह्यले लागू दे."
"माय, तसं नाई ना ते…"
"कायले तसं नाई? दादाचे सदरे घालताना लाज नाई वाटली?"
शेवटी भावजी "बरं" म्हणाले.
व. भांडी घासत होती. एक पातेलं फार जोरात आपटलं. तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

२९ ऑक्टो.
साहेबांना विचारून अदलाबदल झाली. ह्यांचा फोटो आला, नवीन जाकिटात. दिसतात किती छान! मी तो फोटो वर्षाला दाखवला. दाखवायची गरज नव्हती.
आज दुपारीही झोप लागली.

२ नोव्हें.
फोनवर मीच मिरवत होते, पाहा, माझ्यामुळे भेटलं. हे म्हणाले, "हलकं आहे खरं. पाठ मोकळी झाली. पण याच्यात पिस्तुलाची गोळी अटकते, छर्रे अटकतात. मोठ्या बंदुकीची नाई अटकत."
"म्हंजे?"
"त्याले लोखंडाची पाटीच लागते. याले खिसे आहेत पाट्यांसाठी, पण पाट्या अजून आल्याच नाई."
"अन् त्या जंगलात कोणती बंदूक राहते?"
मग म्हणाले, "राहते दोन्ही."
"मंग घेतलं काहून तुमी!"
"माय म्हणाली. अन् ऐक, ते जड मी दिवसभर काढूनच ठेवत होतो. हे अंगात तरी राहते."
खरंच असेल. पण मला काही ऐकू येत नव्हतं. गोणपाटाला कोसा समजले आणि कोशाला गोणपाट. आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला. तोही सासूबाईंच्या हातून.

३ नोव्हें.
परत मागा म्हटलं. हे चिडले. "नित्याले काय सांगू? तुह्या अंगावरची पाटी काढून मले दे?"
आता मला त्या लोखंडाचा हेवा वाटतो. महिन्यापूर्वी शिव्या घातल्या त्याच लोखंडाचा. भिंतीपलीकडे व. घोरते आहे.

७ नोव्हें.
धान कापणीच्या गडबडीत व. दुपारी आली, कापूस आणि जुनं मखमली पोलकं घेऊन. भावजींचे खांदे सोलून निघालेत. जड जाकिटाच्या पट्ट्यांवर चढवायला गाद्या शिवून हव्यात. माप त्यांनी फोनवर सांगितलं.
"नाई तं हे काढूनच ठेवतात ताई, दादासारखे."
मी माप लिहून घेत होते. ती जाईना. मग खाली बघत म्हणाली, "एक सांगू? ह्ये म्हणत होते, दादाच्या पाट्या येईपर्यंत जुनं त्यायले परत देतो. मीच नाई म्हटलं."
म्हणजे पाट्यांचं तिला ठाऊक होतं.
"मी कशी हो म्हणू, ताई? तुमी म्हटलं असतं का?"
कानाखाली द्यावीशी वाटली. पण उत्तर मला येत होतं. मी म्हटलं, "परवा ने."

९ नोव्हें.
डावी गादी झाली. कापूस पिंजून भरला, दुहेरी टीप मारली. वाईट शिवायचं ठरवून बसले होते. गादी बोचली की भावजी जाकीट काढतील, कंटाळतील, आपणहून परत देतील. पण काढलं आणि तेवढ्यातच… हाताला वाईट शिवणं जमलं नाही. की माझी हिंमत झाली नाही.
सासूबाई येऊन बघून गेल्या. "धाकट्यासाठी शिवून राहिली? गुणाची हो माही पोर." मान वर करवली नाही.
दुपारी ह्यांचा फोन, आवाज घाईत. "चार दिवसांसाठी आत जंगलात जाऊन राहिलो. रेंज नाई राहणार."
"पाट्या आल्या?"
"येतीन." मग म्हणाले, "नित्या माह्याच संग आहे, पुढी तोच चालते म्हणतो." तेवढ्यात कट.
परत लावला. लागत नाही.
व. दारात उभी आहे, गाद्यांसाठी. तिचाही फोन लागत नाही. आज पहिल्यांदा तिचे डोळे माझ्यासारखे दिसले. बस म्हटलं. उजवी गादी मशीनवर आहे.