बसच्या मागून कामियोनेत

व्हाकोआ,
ऑगस्टअखेर, १९८३

तीर्थरूप सत्यनारायणदादांच्या चरणी,

व्हाकोआच्या ओल्या थंडीतून धाकट्या चंद्रमोहनचा नमस्कार. कुंतीवहिनींनाही सांगा. तुमचा पाय कसा आहे? सूज उतरली नसेल तर वहिनींचं ऐका आणि शेतात जाऊ नका. (उतरली असली तरी ऐका. घरात शांतता राहते, हे मी अलीकडंच शिकलो.) आम्ही इकडं सुखरूप आहोत. आठवडाभर सूर्य दिसलेला नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी आली आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखंच आहे.

पत्राला खास कारण असं काही नाही. पण मामांच्या बसंतीच्या लग्नाबद्दल तुमच्या कानावर काहीबाही आलंच असेल. पाय सुजल्यामुळं तुम्ही कार्तिए मिलितेरला येऊ शकला नाहीत, आणि जे येऊ शकले त्यांच्या जिभेला हाड नाही. तेव्हा खरी हकीगत माझ्याकडूनच कळलेली बरी. मात्र लग्नाकडं वळण्याआधी गाडीबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत, कारण लोकांनी त्या बिचारीची उगाच बदनामी चालवली आहे.

तुम्ही तिला एकदाच पाहिलंत, तेही लांबून. साखर कारखान्याचा एक साहेब देश सोडून चालला होता, त्याची ही गाडी. इथले लोक तिला कामियोनेत म्हणतात, पण कामियोनेत म्हणजे छोटा ट्रक, भाजीवाल्याचा असतो तेवढा. ही तिची थोरली आजी शोभेल. पुढं तिघं ऐसपैस बसतील अशी केबिन, मागं एखादं बिऱ्हाड मावेल असा हौदा, आणि केबिन जमिनीपासून इतकी उंच की आत बसल्यावर लोकांच्या परसातलं सगळं दिसतं. (हरिलाल शेजारी स्वतःची विजार स्वतः धुतो. मला हे आधी माहीत नव्हतं.) घेण्याआधी मी कुसुमावतीला विचारलं होतं, नाही असं नाही. ती म्हणाली, "आपला ऊस कुठं हाय?" आता हे खरं की मी सरकारी कचेरीतला कारकून, सकाळी माझ्याबरोबर एक डबा आणि एक छत्री एवढंच सामान निघतं. पण दादा, माणसानं डब्याच्या मापाची गाडी घ्यायची म्हटलं तर आयुष्यात पुढं काय उरलं? मी म्हटलं, उद्या सायक्लोन आलं तर अख्खं घर मागं टाकून निघता येईल. ती म्हणाली, "निघून जाणार कुठं? चहूकडं दर्याच हाय ना." वाद वाढू नये, म्हणून मी गाडी घेतली.

बाबांची ती छोटी मॉरिस मी तुमच्याकडं पाठवून दिली ती याच आनंदात. अंगणात दोघींना जागा नव्हती. (पुढं कळलं की एकीलाही नाही. फाटक अरुंद निघालं, तेव्हापासून गाडी गल्लीत उभी असते आणि रोज सकाळी हरिलाल ऑफिसला निघाला की मी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून ती हलवायला जातो.) "कोंबड्या ठेवायला होईल," असं मी त्या वेळी मॉरिसबद्दल म्हटलं होतं खरं, पण ती थट्टा होती. थट्टा होती हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

रोजच्या वापराला एवढी गाडी लागते का, असं मला जो तो विचारतो. दादा, लागते. उदाहरणार्थ कोथिंबीर. पहिल्या आठवड्यात मी बाजारातून कोथिंबिरीची एक जुडी आणली आणि रुबाबात हौद्यात ठेवली. घरी आलो तर हौदा रिकामा. जुडी वाऱ्यानं उडून मागच्या टॅक्सीच्या काचेवर बसली होती आणि तो टॅक्सीवाला क्रेओलमध्ये माझ्या सात पिढ्यांची आठवण काढत थेट दारापर्यंत आला. तेव्हापासून कोथिंबीर पुढं केबिनीत, माझ्या शेजारच्या जागेवर बसून येते. आता ती जागा रिकामीच असते, का ते पुढं सांगतो.

दुसरं म्हणजे समाजकार्य. गाडी आली त्याच आठवड्यात आपल्या मंडळाचे अध्यक्ष इंद्रदेव घरी आले, आमचा चहा प्यायले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला कमिटीवर घेतलं. मला वाटलं, शेवटी माझ्या वाचनाची कोणीतरी दखल घेतली. त्यानंतर माझा एकही रविवार माझा राहिला नाही. देवळाच्या खुर्च्या, मांडवाचे बांबू, स्वयंपाकाच्या डेकच्या, हार्मोनियम, एकदा तर कुणाचं तरी वासरू, त्याच्या आईसकट. लोकांनी मला पाहिल्यावर नमस्कार करायच्या आधी गाडीकडं बघायची सवय लावून घेतली आहे. पण मान मिळतो, दादा. हरिलालची छोटी गाडी कुणी मागायला जात नाही. (हरिलाल रविवारी दुपारी झोपतो. केबिनीतून तेही दिसतं.)

आता लग्न. कुसुमावतीचा उजवा गुडघा तुम्हाला माहीतच आहे. केबिन तिला उंच पडते, म्हणून मी सुताराकडून एक बुटकं स्टूल करून घेतलं होतं. ती स्टुलावर चढायची, मग आत, मग मी स्टूल उचलून हौद्यात टाकायचो आणि निघायचो. लग्नाच्या दिवशी ती भरजरी साडी सावरून आत बसली, मी दार लावलं, आणि मंडळाच्या डेकच्या नीट बांधल्यात ना या विचारात थेट गाडी सुरू केली. स्टूल राहिलं व्हाकोआच्या गल्लीत. हे लक्षात आलं कार्तिए मिलितेरला, लग्नघरासमोर, ती दार उघडून खाली बघत होती तेव्हा.

मंडळींनी धावपळ बरीच केली, कुणाला दोष नाही. खुर्ची आणली, तर रात्रभरच्या पावसानं चिखल झाला होता, तिचे पाय बसकणीपर्यंत आत गेले. दोन तरणे पोरगे उचलून घ्यायला पुढं झाले, त्यांच्याकडं कुसुमावतीनं असं पाहिलं की ते थेट आचाऱ्याला मदत करायला निघून गेले. शेवटी मामींनी घरातून पाट आणला. तो नेमका बसंतीचा, लग्नाला बसायचा, रांगोळीसाठी धुवून ठेवलेला. कुसुमावती म्हणाली, "नवरीच्या पाटावर पाय देऊ? त्यापेक्षा मी हितंच बरी." आणि दार ओढून घेऊन बसली.

मग लग्न तिच्याकडं यायला लागलं. आधी बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. हात पोचेना तेव्हा तिनं कपाळ खाली वाकवलं, आणि उरलेली हळद एका म्हातारीनं शकुन म्हणून गाडीच्या बॉनेटला लावली. मग केळीच्या पानावर जेवण वर गेलं, मग पाणी, मग पुन्हा खीर. बसंती नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली. वहिनीच्या पायांपर्यंत हात कुठं पोचतायत, तेव्हा दोघांनी पुढच्या चाकाला हात लावला. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. आता मामांच्या आल्बममध्ये तो लागणार आणि पुढच्या पिढ्या विचारणार, की आपल्याकडं चाकाच्या पाया पडायची रीत कधीपासून आहे. मी स्वतः हे सगळं पंगतीतून पाहिलं. (माझ्या दोन पंगती झाल्या. पुरुषमंडळी इंजिनाबद्दल विचारत होती, त्यांना अर्धवट सांगून उठणं बरं दिसलं नसतं.)

परत येताना मी तिला म्हटलं, बघितलंस ना, या गाडीमुळं केवढा मान मिळाला. व्हाकोआला पोचलो, गल्लीत स्टूल होतं तिथंच होतं, त्यावर हरिलालचं मांजर. ती उतरली आणि म्हणाली, "उद्यापासून मी बसनं जाईन."

आणि दादा, ती खरंच जाते. बाजार, देऊळ, सगळीकडं. आमच्या घरात सध्या भांडण नाही, भाकरी वेळेवर मिळते, फक्त मी गाडीची किल्ली उचलली की तिला दुसऱ्या खोलीत काम आठवतं. शनिवारी ती कार्तिए मिलितेरला बैठकीच्या शाळेत मुलांना मराठी शिकवायला जाते. पूर्वी मॉरिसमधून मीच सोडायचो. ती वाटेत मुलांच्या वह्या तपासायची आणि चुका मला मोठ्यानं वाचून दाखवायची, आम्ही दोघं हसत जायचो. आता ती बसनं जाते आणि मी बसच्या मागून. गैरसमज नको. मी तिच्या पाळतीवर नसतो. बस वाटेत बंद पडली तर उतारूंना न्यायला मोठं वाहन हाताशी असावं एवढाच हेतू. क्युरपीपला ती बस बदलते, तेव्हा मी स्टँडबाहेर उभा राहतो, पुढची बस सुटली की पुन्हा मागं. ती अगदी मागच्या बाकावर बसते. काचेतून अंबाडा दिसतो, त्यात माळलेलं फूल दिसतं, पण एकदाही मागं वळून बघत नाही. आमचं लग्न झाल्यापासून रस्त्यानं मी पुढं आणि ती मागं अशी आमची चाल आहे (मुद्दाम नाही, माझे पाय लांब आहेत), आता हे असं उलटं झालं आहे. एवढी मोठी केबिन, दादा, आणि तीत मी आणि कोथिंबीर. फार करमत नाही.

तरी गाडी उत्तम आहे, आणि माणसाला तिच्यावाचून रोजचं आयुष्य काढणं कठीण आहे, हे माझं मत कायम आहे. बाकी ठीक. गणेश चवथीला बों अक्योयला तुमच्याकडं येतोच. गणपतीवरची फळापानांची माटी मी बांधीन, तुम्ही पायाला जपा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक धाकटा,
चंद्रमोहन

ता. क. मॉरिस कशी आहे? तीत कोंबड्या बसवल्या नाहीत ना? बसवल्या असतील तर उठवा. गोष्ट अशी की कुसुमावतीनं जाहीर केलं आहे, चवथीलाही ती बसनंच येणार. म्हणजे सगळं गोत तुमच्या दारात उभं असताना पुढं बस, मागं मी. तेव्हा चवथीच्या आधी मॉरिस घेऊन तुम्ही व्हाकोआला या, आणि कामियोनेत घेऊन जा. कायमची. तुमचा ऊस तोडणीला आलाय, ती तुमच्याच उपयोगाची आहे. मॉरिसची केबिन बुटकी आहे, तीच बरी.

ता. क. दुसरा. ही कल्पना तुमची आहे, माझी नव्हे. "ऊस न्यायला वाहन नाही" असं जरा रडवेल्या आवाजात म्हणा, मी थोडा विरोध करीन. एरवी माझी मराठी पत्रं कुसुमावती तपासून देते, हे दाखवलेलं नाही, म्हणून चुका माफ करा. सोमवारी टपालात टाकेपर्यंत पाकीट गाडीच्या केबिनीत ठेवतो. तिथं तिला चढताच येत नाही.

दादांना कुसुमावतीचा नमस्कार. हे दुपारचे झोपले आहेत. पत्रातल्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आहेत, पान थोडं घाण झालं आहे, चालवून घ्या. बादली उपडी घातली की मला केबिनीत नीट चढता येतं. अधूनमधून चढते, काच पुसते, कोथिंबिरीच्या काड्या झाडते. लग्नघरातसुद्धा बादल्या पुष्कळ होत्या, मी मागितली नाही. वर बसायला मला वाईट वाटत नव्हतं. बसंती आली, मामी आल्या, आचारी आला, व्याही हात जोडून गेले. सगळं लग्न माझ्यापाशी आलं, हे तेवढे आले नाहीत. जेवलीस का, एवढं विचारायलासुद्धा नाहीत. त्याचा मला राग आला. गाडीवर माझा राग नाही.

आता बसमध्ये मी मागच्या बाकावर बसते. तिथं हादरे फार बसतात, गुडघा दुखतो, तरी तिथंच बसते. मागं वळत नाही, पण कंडक्टर सांगत असतो, "मादाम, ऊ मिस्ये आंकोर पे स्विव नू." तुमचे मालक आजही मागून येतायत म्हणून. सगळी बस हसते, मीही हसते.

मॉरिस द्या दादा, नक्की द्या, तीत वह्या तपासायला बरं पडतं. कामियोनेत तुम्हीच ठेवा. पण चवथीच्या आधी येऊ नका, पाय दुखतोय म्हणून कळवा. इतकी वर्षं हे माझ्या पुढं चालले, अजून थोडे दिवस मागून येऊ देत. चवथीला तुमच्या दारात बसमधून उतरून मला एकदा मागं वळून बघायचं आहे.