तुमच्या नावाची झाडं

अप्पा,

आज संध्याकाळी वीडीच्या कुरणावरून घरी आले, तर आईनं मला उंबऱ्याबाहेरच अडवलं. सलवार गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरली होती. "तशीच आत येऊ नकोस. तुझ्या बापानं आणलेली कुसळं अजून माझ्या गाद्यांमधून निघतायत," असं म्हणाली आणि भिंतीला धरत धरत चिमटा आणायला गेली. आता तिला नीट दिसत नाही. ती बोटांनी चाचपून कुसळ शोधणार आणि मी ते उपटणार, असा आमचा अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात मी नऊ वर्षांची झाले. करजणच्या क्वार्टरमधलं ते अरुंद स्वयंपाकघर. तुम्ही दारात पाटावर पाय लांब करून बसला आहात, आई एका हातानं तव्यावरची पोळी उलटते आहे आणि मधेच वाकून दुसऱ्या हातानं तुमच्या विजारीतलं कुसळ ओढते आहे. "सरकारी गवत घरी आणायची परवानगी घेतलीत का, साहेब?" असं ती विचारते. तुम्ही मान खाली घालून हसता. मोठ्यानं हसलेले तुम्ही मला कधी आठवतच नाहीत.

बडोद्यातली आपली सगळी माणसं कचेरीत, शाळेत, कॉलेजात. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, काका प्राध्यापक. तुम्ही एकटेच गवतात. शाळेत कोणी विचारलं, वडील काय करतात, तर मी 'जंगल खात्यात आहेत' म्हणायची, आणि समोरच्याला लगेच वाघ दिसायला लागायचे. माझे वडील गवत राखतात हे सांगायची मला लाज वाटायची. गवत काय राखायचं? ते आपोआप उगवतं, गाय येऊन खाते, संपलं. तुमची नोकरी नक्की काय आहे हे मला कळायला तुमच्याच खात्यात भरती व्हावं लागलं.

हायवे सोडून आत गेलं की काळ्या जमिनीवर पसरलेलं ते सरकारी राखीव कुरण. घरात आपण कुरण म्हणायचो, बाहेर सगळे वीडी म्हणायचे, आणि शेवटी आपल्याही तोंडी वीडीच बसलं. पावसाळाभर आत एकही जनावर सोडायचं नाही. दिवाळीनंतर कापणी, पण ती कॅलेंडर बघून नाही. तुम्ही रोज सकाळी जाऊन एक तुरा तळहातावर चोळायचात. बी अजून तुऱ्याला धरून असेल तर कापायला आलेल्या बायका विळे घेऊन परत. जमिनीवर बी पडल्याशिवाय कापणी नाही, मग कोणी कितीही घाई करो. त्यानंतर कडेकडेनं पट्टा खरवडायचा, म्हणजे रस्त्यावरून कोणी पेटती विडी टाकली तर आग आत शिरत नाही. कापलेल्या गवताच्या पेंढ्या गोदामात, पाऊस ओढ देईल त्या वर्षासाठी. मग भरवाड गुराख्यांची गुरं आत, तीही ठरलेल्या तुकड्यात, आणि एक तुकडा दर वर्षी तसाच विश्रांतीला. वेडी बाभूळ दिसली की मुळासकट बाहेर. पाहणीला आलेले मोठे साहेब जीपमधून उतरून चहूकडे बघायचे आणि म्हणायचे, "इथं तर काहीच नाही." तुम्ही शांतपणे सांगायचात, "आहे साहेब, जरा खाली बघा." तुमची बढती का अडायची हे मला आता चांगलं समजतं.

नऊ वर्षांची असतानाचीच गोष्ट आहे. शाळेत वनमहोत्सव झाला आणि प्रत्येकाला एकेक रोप मिळालं. मला कडुनिंब आलं. रविवारी तुमच्या मोटरसायकलवर मागे बसून मी ते वीडीत नेलं, आणि तुम्ही चौकीदाराशी बोलत होतात तेवढ्यात छान खड्डा करून लावून टाकलं. भोवती दगडांचं आळंही केलं. तुम्ही येऊन शाबासकी द्याल म्हणून मी उभी राहिले. तुम्ही आलात, वाकलात आणि ते रोप अलगद मातीसकट उपटलंत. मी भोकाड पसरलं. तुम्ही विचारलंत, "तुला ही जागा रिकामी दिसली?" मी हो म्हटलं. "बस खाली," म्हणालात, आणि वीतभर जागा दाखवून त्यात किती प्रकारची पानं आहेत ती मोजायला लावलीत. मी हुंदके देत अकरापर्यंत गेले आणि रागानं मोजणं सोडून दिलं. मग तुम्ही म्हणालात, "आता यातल्या कोणाला उठवून तुझ्या झाडाला बसायला जागा देऊ, ते तूच सांग." तुम्ही रुमाल भिजवून रोपाच्या मुळांना गुंडाळलात आणि परत आल्यावर ते क्वार्टरच्या मागे मोरीच्या पाण्यावर लावलंत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दप्तरात एक छोटं भिंग सापडलं, घडी घालता येणारं, पितळी कडेचं. त्यातून गवताची फुलं दिसतात हे मला त्या दिवशी कळलं. इथले लोक ज्याला झिंझवो म्हणतात आणि तुम्ही हट्टानं मारवेल म्हणायचात, त्या गवतालाही जांभळट तुरे असतात. आपलं चुकलं नाही हे माहीत असूनही तुम्ही माफी अशीच मागायचात, बोलायच्या ऐवजी काहीतरी ठेवून.

तुम्ही गेलात तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते, आणि तुमची वीडी माझ्याच रेंजमध्ये होती. तेरावा झाल्यावर मी एकटी तिकडे गेले. नुकतीच कापणी झाली होती. सगळीकडे वीतभर खुंट आणि मधे वारा. मी कितीतरी वेळ चालत राहिले. तुमची तीस वर्षं त्या जमिनीत गेली होती आणि बोट ठेवून 'हे अप्पांचं' म्हणावं असं काही मला तिथं सापडलं नाही. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, कोणाचा ते माहीत नाही.

पुढच्या पावसाळ्यात रोपवाटिकेत रोपं शिल्लक होती आणि लागवडीचा आकडा भरायचा होता. मी वीडीचा पश्चिमेकडचा तुकडा दाखवला. चारशे झाडं. कडुनिंब, करंज, शिरीष, आणि भरीला सुबाभूळ, कारण ती भराभर वाढते. तुमच्या नावाची पाटी लावली. पहिलं रोप आईच्या हातून लावलं. शहरातून आलेले एक पाहुणे माइकवर म्हणाले की, या वनानं ओसाड जमिनीचं सोनं होईल. ओसाड! तुमच्या वीडीला ओसाड म्हणाले, अप्पा, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

झाडं लागली. अशी जोमानं लागली की विचारू नका. दर वर्षी तुमच्या तिथीला आई थर्मासमध्ये चहा आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन सुभानपुऱ्याच्या घरून तिथं जायची, मीही असेन तिथून जायची. आम्ही सावलीत चादर अंथरून बसायचो आणि तुमच्याबद्दल बोलायचो. मधे माझ्या बदल्या झाल्या, दोन जिल्हे फिरून झाले. यंदा मी बडोद्याला परत आले ती तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या वरच्या खुर्चीवर (हसू नका), आणि वीडीच्या पुढच्या दहा वर्षांचा आराखडा लिहिणं माझ्याकडे आलं. म्हणून इतक्या वर्षांनी मी त्या तुकड्याकडे लेक म्हणून न बघता अधिकारी म्हणून बघितलं.

झाडांखाली गवताची काडी नाही. पाचोळा आणि उघडी माती. सुबाभळीच्या शेंगा फुटून रोपं पूर्वेकडे सरकली आहेत, तुमच्या विश्रांतीच्या तुकड्यापर्यंत. फांद्यांवर कावळे बसतात, त्यामुळे जमिनीवर अंडी घालणारे चंडोल तिथून उठून गेले. तुमच्या हाताखाली कापणीला यायचा तो भरवाड आता म्हातारा झाला आहे. तो माझ्याबरोबर फिरत होता. झाडं कशी वाटतात म्हणून मी त्याला विचारलं, "काका, केवुं लागे छे?" तो वर फांद्यांकडे बघत म्हणाला, "छांयो तो सरस छे, बेन. पण मारी भेंसो छांयो नथी खाती." सावली छान आहे, पण माझ्या म्हशी सावली खात नाहीत! मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. पुढे तो म्हणाला, "मोटा साहेब होत तो..." म्हणजे तुम्ही असतात तर, आणि माझ्याकडे बघून त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

तीन आठवडे मी आराखड्याचं ते पान कोरं ठेवलं. सोपी वाट होती. 'जुनी लागवड कायम' अशी एक ओळ लिहायची, कोणी विचारणार नव्हतं. उलट झाडं तोडली तर शहरातून मोर्चे येतील, फोटो निघतील. खरी वाट एकच होती. दोन हिवाळ्यांत सगळी झाडं काढायची, सुबाभळीची मुळं खणायची आणि तुमच्याच तुकड्यातलं बी गोळा करून तिथं पेरायचं. मला मोर्च्यांची भीती नव्हती. आईला काय सांगायचं, तिथं माझं पाऊल अडत होतं. तिला आता फारसं कुठं जाता येत नाही, वर्षातून एकदा ती तिथं जाते, तेवढंच.

आज कुसळं काढता काढता मी तिला सांगितलं. म्हणजे खोटंच सांगितलं. म्हटलं, "आई, वीडीतल्या झाडांना वाळवी लागली आहे. काढावी लागतील."

"सगळ्यांना?"

"हो, जवळजवळ."

"चारशे झाडांना एकदम वाळवी," ती म्हणाली. "खोटं बोलताना तू ह्यांच्यासारखंच नाक ओढतेस. नीट सांग."

मग मी सगळं सांगितलं. गवताचं, चंडोलांचं, म्हशीचं. ती चिमटा मांडीवर ठेवून ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "ह्यांना कधी सावलीत बसलेलं पाहिलंस तू? डबासुद्धा उन्हात उभ्यानं खायचे, म्हणजे आग कुठं दिसते का ते बघता येतं म्हणून. तुझी झाडं बघून ते काय म्हणाले असते, ते मला पहिल्या खड्ड्यालाच कळलं होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? आणि दर वर्षी पुऱ्या करून जात होतीस ते?"

"मी झाडांसाठी थोडीच जात होते? ते गेल्यावर सहा महिने तू धड जेवत नव्हतीस. पानात भात तसाच टाकून उठायचीस. ते खड्डे खणायला लागलीस आणि घरी येऊन भाकरी मागायला लागलीस. मी म्हटलं, लावू दे बाई, हवी तेवढी लावू दे. ह्यांना मी वर गेल्यावर समजावीन." मग तिनं माझं मनगट चाचपून बघितलं, लहानपणी तापात बघायची तसं. "आता जेवतेस ना व्यवस्थित?"

मी हो म्हटलं.

"मग काढ ती. आणि बस हवे, पुरे आता, रडू नकोस, कुसळं दिसायची नाहीत."

जेवण झाल्यावर मी ते पान लिहून काढलं. पाटीही काढायची, असं लिहिलं. उद्या सकाळी सही करून वर पाठवीन. नंतर आराखड्याच्याच चुकलेल्या कागदांच्या मागे हे तुम्हाला लिहायला बसले. याला पत्ता नाही. हे कागद कच्च्या कागदांच्या गठ्ठ्यात राहतील आणि त्यांच्याबरोबर रद्दीत जातील.

पण आराखड्यात एक वाक्य आहे, ते तेवढं खरं नाही. मी लिहिलं आहे की, ही लागवड त्या वेळच्या समजुतीप्रमाणे झाली होती. माझी समज तेव्हाही पक्की होती, अप्पा. तिथं काय उगवतं, काय मरेल, मला सगळं माहीत होतं. प्रत्येक खड्डा खणताना माहीत होतं. तुम्ही किती रागवाल तेही माहीत होतं. मला वाटत होतं, निदान रागवायला तरी तुम्ही याल.