दगड पालथा घालावा

देवबापाने दिलेला श्वास चालू आहे आणि डोकं ठिकाणावर आहे, तोवर हे माझ्या हाताने लिहून ठेवते. मी तिआरासी बोरू मानुरुंग, म्हणजे मानुरुंगांची लेक, कै. मानासे सिनागा यांची पत्नी, वय एकाहत्तर, शिक्षण मिशनच्या शाळेत मॅट्रिक, काम घरकाम, राहणार लुंबान हारियारा, तोबा सरोवराकाठी, सुमात्रा. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. राग आलेला आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे.

अशा कागदात मिळकतीला 'स्वकष्टार्जित' म्हणायची रीत आहे. तो शब्द मी घालणार नाही. माझं जे काही आहे ते प्रभूने दिलं, बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या हातून.

१. माझा माग आणि मी विणलेल्या तिन्ही उलोस शाली मुलगी रुस्मिनाला. मासे शिजवायची कढईही तिलाच. मीठ मात्र हात आखडून घाल, बाई.

२. ह्यांची होडी शेजारीण नाई लामतिउर, म्हणजे लामतिउरची आई, हिला. का, ते खाली येईल.

३. माझ्या मयताच्या जेवणाला घरचं डुक्कर पुरे. म्हशी कापून मोठेपणा मिरवू नये.

४. आता घर. आमच्यात ते धाकट्या मुलाला जातं. माझा धाकटा बोनार मेदानला ट्रकांचा मालक आहे. आमच्यातल्या जुन्या चालीप्रमाणे त्याला अंगणात बापाची हाडं उकरून ठेवायला तीन मजली स्मारक बांधायचंय. पुढे मलाही त्यातच कोंबणार. त्यासाठी त्याने बोटीतून काळा दगड आणला. वर कोरलेलं: 'बोनार सिनागा याने स्वकष्टार्जित धनातून, कोणाच्याही मदतीवाचून, आईवडिलांसाठी उभारले.'

सगळ्या गावासमोर मी विचारलं, "अरे, ह्यात देवाचं नाव कुठंय?"

"इनांग, अगं आई, कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो. देवाला काय, न लिहिताही कळतं."

"मग तुझं नाव न लिहिता कळलं नसतं होय रे?"

लोक हसले. तो भडकला. "ट्रकचे हप्ते मी भरले, आई! देव आला होता का भरायला?"

माझ्या अंगाची आग झाली, ती अजून शमलेली नाही. कोणाच्याही मदतीवाचून? सात वर्षांचा होतास, तापाने फणफणलेला. बाप लांब रबराच्या मळ्यावर. सरोवर खवळलेलं. ह्याच आळीतल्या सहा जणांनी तुला ह्याच होडीत घालून पैलतीरी डॉक्टरकडे नेलं. पुढच्या वल्ह्यावर नाई लामतिउर, दर हिसक्याला ओरडत होती, "प्रभू, आमच्यात जोर नाही, तूच ओढ!" त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव आहे का रे त्या दगडावर?

५. म्हणून माझी आज्ञा. ह्यांची हाडं उकरू नयेत. मला त्यांच्या शेजारी लाकडी क्रुसाखाली पुरावं. दगड देवळाच्या दारात, जिथे चिखलात म्हाताऱ्या घसरतात, तिथे पायरी म्हणून पालथा घालावा. अक्षरं खाली. तो उचलायला सहा माणसं लागतात. बोनारने भाड्याचे मजूर आणू नयेत. स्वतः दारोदार जाऊन "जरा हात द्या" म्हणावं, आणि उचलण्याआधीची प्रार्थना त्यानेच मोठ्याने म्हणावी. पाळकसाहेब त्याच्या वतीने म्हणणार नाहीत. मी त्यांना बजावलं आहे.

माझ्यामागून येणाऱ्या पहिल्या नाताळाआधी हे झालं, तर घर बोनारचं. नाहीतर रुस्मिनाचं. मुलीला घर दिलं म्हणून भावकी ओरडेल. ओरडू दे. ओरडताना तरी देवाचं नाव घेतील.

६. बोनार, तुला प्रार्थना आता येत नाही, हे मला ठाऊक आहे. नाई लामतिउरकडे जा. होडीतले शब्द तिला अजून पाठ आहेत. खाली बसून शिकून घे. मग दगडाचं एक टोक तू धर.

हे मी वाचून पाहिलं. खाडाखोड नाही.

सही: तिआरासी बोरू मानुरुंग

साक्षीदार:
१. विल्मार हुताजुलू, पाळक
२. ओम्पू सोरित, मासेमार. त्या दिवशी मागच्या वल्ह्यावर होतो. दगडालाही येईन, बोलावलं तर.

लुंबान हारियारा, ३ ऑगस्ट १९८८