हात आधी कुणी पुढे करायचा

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे तो कागदावरच घालतो आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही ठीक. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती, पण चिमणी म्हणाली, "बाबा, माझ्या वर्षभराच्या बुद्धिबळ स्पर्धांचा निकाल तुम्ही काकांना कळवा." पेपरात तू वाचलाच असशील, पण पेपरवाल्यांना आतलं काय ठाऊक? तेव्हा फक्त निकाल कळवतो आहे. याला समेट समजू नये.

वजनकाटे दुरुस्तीचं दुकान मेव्हण्याच्या हवाली करून मी वर्षभर लेकीच्या बॅगा उचलत हिंडलो. पहिल्या स्पर्धेत नऊ डाव होते आणि नऊच्या नऊ बरोबरीत सुटले. आता माझा जन्म गेला काटे सरळ करण्यात. काटा मधोमध थांबला की आमचं काम फत्ते! त्यामुळे मी रोज तिची पाठ थोपटत होतो. शेवटच्या दिवशी शेजारच्या प्रशिक्षकाला अभिमानानं म्हणालो, "एकदाही काटा हलला नाही बघा." तो माझ्याकडे बघतच राहिला. खोलीवर आलो तर चिमणी नळ सोडून न्हाणीघरात रडत होती. ती बाविसावी आली होती. बरोबरीचा आनंद आपल्या धंद्यापुरताच, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या स्पर्धेपासून मी शहाणा झालो. हॉलमध्ये आपल्याच बुटांचा आवाज आपल्याला येणार नाही असला जाड गालिचा, आणि आम्हा पालकांना काचेच्या पलीकडे बसवतात. खेळी कळत नाही म्हणून मी नुसते हात बघत बसलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली (कुणी सांगितली नाही, स्वतःची बुद्धी): डाव संपताना जो आधी हात पुढे करतो, तो हरतो. झालं! मी वर्षभर कुणापुढे आधी हात केला नाही. दुसऱ्यानं केला तर मात्र आनंदानं घ्यायचो. आयोजकांनी दारातच हात पुढे केला, तेव्हा तो दोन्ही हातांत धरून मी म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नका, होतं असं." त्यांना आजतागायत उलगडा झालेला नाही. पुढे एक दंतवैद्य भेटले, तेही एका खेळाडूचे बाप. त्यांनीही हाच नियम स्वतःच्या बुद्धीनं शोधलेला. कॉफीच्या यंत्रापाशी आम्ही दोघं खिशात हात घालून एकमेकांकडे बघत हसत उभे, कॉफी गार होईपर्यंत. ती स्पर्धा चिमणीनं तिसऱ्या क्रमांकानं संपवली. मग नियम कोण सोडतो?

तिसरी स्पर्धा मात्र मला हसत सांगता येत नाही. शेवटचा डाव जगज्जेत्याशी होता. पाच तास झाले आणि चिमणीनं सरळ वजीर देऊन टाकला. वजीर म्हणजे काय, एवढं मलासुद्धा कळतं. मी खुर्चीतून उठलो. पडद्यावर डाव समजावून सांगणाऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. चिमणी घोटभर पाणी प्यायली आणि आई सुईत दोरा ओवताना बसायची ना, तशी बसली. एकोणीस खेळ्यांनंतर जगज्जेत्यानं हात पुढे केला. दादा, मला रडू आलं, आणि ते नुसतं आनंदाचं नव्हतं. मला तिची भीती वाटली. आपल्या घरात, मी वाढलेलं जेवून हे एवढं मोठं झालं आणि मला पत्ताच नाही! तुला मात्र ती आठ वर्षांची असतानाच कळलं होतं. आपला डाव चालला होता, ती तुझ्या खांद्याशी उभी राहून म्हणाली, "बाबा, चार खेळ्यांत तुम्ही मेलात." तू हसलास आणि मी पट उधळला. माझ्या मुलीला नादी लावतोस, पुन्हा माझी पायरी चढू नकोस, असंही म्हणालो. (हे तुला आठवत नसेल तर उत्तमच.)

वर्षअखेरची स्पर्धा चौदा फेऱ्यांची. चौथ्या फेरीत तिनं स्वतः आधी हात पुढे केला. राजा जिवंत, सोंगट्या शिल्लक, आणि ही हात देऊन मोकळी! बाहेर आल्यावर मी फार चिडलो. ती म्हणाली, "बाबा, हरलेला डाव ओढत बसू नये. समोरचा ताटकळतो. हात करायचा आणि उद्याचा डाव मांडायचा." दुसऱ्या दिवशी मांडला आणि जिंकला. चौदापैकी नऊ गुण, पहिली आली. पुढच्या महिन्यात जगज्जेतेपदासाठी त्याच जगज्जेत्याशी गाठ आहे.

निकाल संपला. वहिनींना नमस्कार सांग. लोभ आहेच असं लिहायला हात धजत नाही, पण असावा.

तुझा धाकटा

ता. क. – त्या सामन्याला घरच्यांसाठी दोन खुर्च्या आहेत. एक माझी. दुसरीवर चिमणीनं 'काका' लिहून दिलं आहे. तिनं फोन केला तेव्हा तू म्हणालास म्हणे, "ज्यानं पट उधळला त्यानं बोलवावं." तेव्हापासून ती सरावाला बसते आणि पटाकडे बघायचं सोडून दाराकडे बघते. असं बघत बसली तर हरेल रे.

ता. क. २ – तुझा काळा घोडा त्या दिवशी कपाटाखाली गेला नव्हता. तू वाकून शोधत होतास तेव्हा तो माझ्या खिशात होता. तू त्याच्या जागी बाटलीचं बूच ठेवून खेळतोस असं ऐकतो. टपालानं पाठवणार नाही, येऊन घेऊन जा.

ता. क. ३ – काल चिमणीला तो आपला डाव मांडायला सांगितला. तिला एकूण एक घर आठवत होतं. चार नव्हे, तीनच खेळ्यांत मेलो असतो. तेव्हा दादा, हा माझा हात. मीच आधी पुढे केला आहे. फक्त "वाईट वाटून घेऊ नकोस" असं म्हणू नकोस.